बॉनेटखाली कुणाचं इंजिन?

गाडी कोणत्या कंपनीची, हे पुढच्या जाळीवरचा बिल्ला सांगतो. ती खरी कुणाची, हे हेड उतरवल्यावर कळतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. वडिलांनी याच जागेत ऑइल इंजिनं दुरुस्त केली, मी मोटारींकडे वळलो. आमच्या या भागातली माणसं इंजिनाकडे सोनारानं दागिन्याकडे पाहावं तशी पाहतात. ओतकाम कुठलं, बोअरिंग कसं झालंय, ब्लॉकवर फिनिश कसं आलंय, हे आधी. रंग आणि सीटकव्हर नंतर. त्यामुळे १९९८ नंतर छोट्या कोरियन गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या, तेव्हा त्यांच्या जाहिरातींपेक्षा त्यांच्या पोटात काय आहे, याची मला उत्सुकता होती.

देवूच्या मॅटिझचं इंजिन उघडलं तर ते ओळखीचं निघालं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मारुती ८०० वर ज्याचा हात बसला आहे त्याला हा ब्लॉक परका वाटणं शक्यच नव्हतं, कारण दोन्हींचं मूळ जपानच्या सुझुकीकडे. पुढे ह्युंदाईची ॲक्सेंट आली. तिच्या दीड लिटरच्या इंजिनावर कुठल्याही जपानी कंपनीची छाप मला सापडेना. एकाच देशाच्या दोन गाड्या; एकीत उसनं इंजिन, दुसरीत स्वतःचं. हे कसं झालं ते शोधत मी कोरियाच्या छोट्या गाडीचा इतिहास वाचत गेलो. जेवढं वाचलं तेवढा माझा त्या लोकांबद्दलचा आदर वाढत गेला.

कोरियातलं युद्ध १९५३ मध्ये थांबलं तेव्हा त्या देशात मोटार बनवावी असं काही शिल्लक नव्हतं. तरी १९५५ मध्ये सोलमध्ये 'शिबाल' नावाची गाडी निघाली. अमेरिकी लष्कराच्या टाकून दिलेल्या जीपचे भाग जमवले, तेलाची पिंपं कापून, ठोकून त्यांच्या पत्र्याची बॉडी बांधली. हातोड्यानं पत्रा वळवणाऱ्या त्या अनाम कारागिरांपासूनच ही कहाणी सुरू होते असं मी मानतो. पुढच्या दशकात निसान ब्लूबर्डचे सुटे भाग आणून 'सेनारा' नावानं जोडणी झाली, इतर कंपन्यांशीही असेच करार झाले. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेटी उघडायची, कागदावर दाखवलंय तसं जोडायचं, एवढंच काम होतं.

ह्युंदाई मोटरची स्थापना १९६७ ची. संस्थापक चुंग जू-युंग १९१५ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मले. त्यांचं गाव आज उत्तर कोरियात आहे. १९४० मध्ये त्यांनी सोलमध्ये गाड्या दुरुस्तीचं दुकान घेतलं होतं, म्हणजे माणूस आमच्याच धंद्यातला. पुढे बांधकामात त्यांनी मोठं नाव कमावलं, आणि १९६८ पासून उल्सानच्या कारखान्यात फोर्डच्या कॉर्टिनाची जोडणी सुरू केली. कायमच्या भागीदारीची बोलणीही झाली, पण ती फिसकटली. फोर्डच्या जगभरच्या जाळ्यात कोरिया एक जोडणीचा अड्डा म्हणून राहणार होता. चुंग यांना स्वतःच्या नावाची गाडी बनवून परदेशी विकायची होती.

त्यांना सरकारचा रेटाही मिळाला. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीनं १९७३ मध्ये अवजड उद्योगांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि मोटार कंपन्यांना फर्मावलं की देशात बनलेली, स्वतःच्या आराखड्याची छोटी गाडी काढा. बाहेरच्या गाड्यांना दारं बंद होती, कर्ज स्वस्त होतं, पोहांगच्या पोलाद कारखान्याची भट्टी त्याच वर्षी पेटली होती. या सोयीची किंमतही लोकांनी मोजली. कामगारांना संघटना करता येत नव्हती, वर्तमानपत्रांवर पहारा होता. उल्सानच्या कामगारांना त्यांची युनियन उभी करायला १९८७ चा उन्हाळा उजाडावा लागला, तोही देशभरच्या संपांच्या लाटेत. ह्युंदाईची पोनी ही गाडी ज्यांच्या घामातून निघाली त्यांना हे विसरून चालणार नाही, आणि तिचं कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्यालाही नाही.

पोनी ही कोरियाची पहिली स्वतःची मोटार. तिची जुळवाजुळव कशी झाली ते वाचताना मी पानं पुन्हा पुन्हा उलटली आहेत. ह्युंदाईकडे जोडणीचा अनुभव होता, बाकी काही नव्हतं. मग त्यांनी पाच देशांतल्या २६ कंपन्यांकडे चौकशी केली. बॉडीचा आराखडा कुणाकडून, पत्रा दाबायच्या डाय कुणाकडून, ओतकाम आणि फोर्जिंग कुणाकडून, इंजिन कुणाकडून, असं प्रत्येक कामासाठी वेगळं दार ठोठावलं. एकाच गुरूच्या पायाशी बसायचं नाही, हे ठरवूनच निघाले होते. ज्याच्याकडून सगळं घ्याल तो तुम्हाला कायम गिऱ्हाईक म्हणून ठेवतो, हे त्यांना कॉर्टिनानं शिकवलं असावं.

आराखडा केला इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांनी. फोक्सवॅगनची गोल्फ ज्यांच्या हातून उतरली तेच. त्यांच्या इटालडिझाइन या तुरीनच्या संस्थेत ह्युंदाईनं आपले पाच इंजिनिअर पाठवले. ही पाच माणसं एकाच घरात राहायची. दिवसभर जुजारो यांच्या ड्रॉइंग टेबलांपाशी जे पाहिलं, ऐकलं ते लिहून काढायचं आणि रोज संध्याकाळी सगळ्यांनी बसून त्याची उजळणी करायची, असा त्यांचा दीड वर्षाचा क्रम होता. त्यांतल्या ली चुंग-गू यांच्या टिपणवह्या पुढे कंपनीत प्रसिद्ध झाल्या आणि तेच ली पुढे ह्युंदाईच्या संशोधनाचे प्रमुख झाले. पोनीच्या इतिहासात लोक जुजारो यांची पेन्सिल आठवतात. मला त्या वह्या जास्त मोलाच्या वाटतात. डिझाइन पैसे देऊन विकत मिळतं. ते कसं केलं जातं, हे मात्र शेजारी उभं राहून टिपूनच घ्यावं लागतं.

कारखाना उभा करायला ह्युंदाईनं ब्रिटिश लेलँडमधून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल १९७४ मध्ये बोलावून घेतले. ते ऑस्टिन-मॉरिसचे प्रमुख राहिलेले, कारखाना चालवायचं कसब अंगात मुरलेलं. सोबत काही इंग्रज इंजिनिअर आले. अभ्यासासाठी मॉरिस मरीना गाड्याही आल्या. इंजिन आणि गिअरबॉक्स मित्सुबिशीचा, इंजिन १२३८ सीसीचं. मागे पाटे, पाठीमागच्या चाकांना जोर. यंत्र म्हणून पाहिलं तर साधी, खडतर रस्त्याला चालेल अशी गाडी. ऑक्टोबर १९७४ च्या तुरीन प्रदर्शनात ती मांडली, १९७५ च्या डिसेंबरात उल्सानमध्ये तिचं उत्पादन सुरू झालं, आणि पहिल्या पूर्ण वर्षात दहा हजारांहून जास्त पोनी विकल्या गेल्या. तीन वर्षांत एवढं झालं. पहिली निर्यात १९७६ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरला, बोटांवर मोजता येतील एवढ्याच गाड्यांची.

अमेरिकेत पोनी जाऊ शकली नाही, कारण तिथले धुराचे नियम तिला झेपणारे नव्हते. शेजारच्या कॅनडात मात्र १९८४ पासून ती अपेक्षेच्या कित्येक पट खपली. मग पुढच्या चाकांना जोर असलेली एक्सेल आली, आणि १९८६ मध्ये ह्युंदाईनं अमेरिकेचं दार उघडलं. किंमत ४,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या गेल्या. अमेरिकेत पाय ठेवणाऱ्या कुठल्याही परदेशी कंपनीला पहिल्या वर्षी एवढा खप मिळाला नव्हता. हीच गाडी मित्सुबिशीनं 'प्रेसिस' नावानं आपल्या दुकानांतूनही विकली. इंजिन अजून मित्सुबिशीच्याच आराखड्याचं होतं, आणि १९८२ पासून मित्सुबिशीचा ह्युंदाईत भांडवली हिस्साही होता.

एवढ्या झपाट्यानं गाड्या पाठवल्या की त्यांच्यामागे सर्व्हिस उभी राहिली नाही. एक्सेल गंजायच्या, बंद पडायच्या, जुन्या बाजारात त्यांना भाव उरला नाही. रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमांत ह्युंदाईवर विनोद व्हायला लागले. १९८८ ला अमेरिकेतला वार्षिक खप अडीच लाखांच्या पुढे गेला होता. दहा वर्षांनी तो एक लाखाच्याही खाली आला. कॅनडात क्यूबेकमधल्या ब्रोमाँटला १९८९ मध्ये उघडलेला कारखाना १९९३ मध्ये बंद करावा लागला. स्वस्त गाडी घेणारा माणूस शेवटचे पैसे जमवून गाडी घेतो. त्याची गाडी बंद पडली की त्याच्याकडे दुसरी नसते, त्याचं कामच थांबतं. ज्या गाडीला दुरुस्तीचं पाठबळ नाही तिला स्वस्त म्हणूच नये, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

याच काळात ह्युंदाईनं जे केलं ते मला या सबंध इतिहासातलं सर्वांत धाडसाचं काम वाटतं. सोलच्या दक्षिणेला योंगिनजवळ माबुक-री इथं १९८४ मध्ये त्यांनी इंजिन संशोधन केंद्र काढलं. अमेरिकेत डॉक्टरेट करून जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या ली ह्युन-सून यांना बोलावून आणलं. ब्रिटनच्या रिकार्डो या सल्लागार संस्थेची मदत घेतली. मित्सुबिशीचं इंजिन मिळत होतं, चांगलं होतं, प्रत्येक इंजिनामागे रॉयल्टी भरली की काम भागत होतं. कंपनीतल्याच अनेकांना स्वतःच्या इंजिनाचा खर्च उधळपट्टी वाटत होता. ली यांनी पुढे सांगितलं आहे की मित्सुबिशीच्या प्रमुखांनी चुंग यांच्याकडे येऊन रॉयल्टी निम्मी करायची तयारी दाखवली होती. अट एवढीच, की हे इंजिनाचं काम थांबवा. चुंग यांनी ते ऐकून उलट ली यांना बळ दिलं. रॉयल्टी निम्मी करायला समोरचा तयार आहे, याचा अर्थ आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

पहिल्या चाचणी-इंजिनांची टेस्ट बेंचवर पार वाट लागायची. एक फुटलं की दुसरं, दुसरं फुटलं की तिसरं. दहापेक्षा जास्त इंजिनं अशी गेल्यावर एक कुठं पहिल्या चाचणीत टिकलं. सगळं मिळून तीनशेच्या वर चाचणी-इंजिनं, शिवाय दोनशेच्या आसपास गिअरबॉक्स आणि दीडशे गाड्या या कामात खर्ची पडल्या. इंजिन फुटतं म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. कनेक्टिंग रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो, पिस्टनचे तुकडे संपमध्ये सापडतात, तेल काळं पडतं आणि त्यात चकचकीत कीस दिसतो. प्रत्येक तुकडा हातात घेऊन तो कुठून तुटला, उष्णतेनं की ताणानं, हे वाचावं लागतं. आराखड्यात डोळ्यांना न दिसलेलं या तुकड्यांत दिसतं. १९९१ मध्ये 'अल्फा' नावाचं हे दीड लिटरचं इंजिन ह्युंदाईच्या स्कूप गाडीत बसलं. १९९४ ची ॲक्सेंट ही बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स सगळं स्वतःचं असलेली त्यांची पहिली गाडी. तिचीच पुढची पिढी १९९९ मध्ये भारतात आली आणि तिनं माझं डोकं फिरवलं.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९९८ मध्ये ह्युंदाईनं दिवाळखोर झालेली किया विकत घेतली. चुंग यांचा मुलगा मोंग-कू कंपनीच्या गादीवर आला. त्यानं १९७४ पासून ह्युंदाईची सर्व्हिस कंपनी चालवली होती, म्हणजे बिघडून परत आलेल्या गाड्या रोज पाहिल्या होत्या. माझ्या मते ह्युंदाईचं नशीब तिथं पालटलं. त्याच सुमारास अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैल, म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार किलोमीटर, एवढी वॉरंटी जाहीर झाली. जे. डी. पॉवरच्या २००४ च्या नव्या गाड्यांच्या पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीनं दुसऱ्या क्रमांकावर आली. आणि २००२ मध्ये अमेरिकेची क्रायस्लर, जपानची मित्सुबिशी आणि ह्युंदाई यांनी जागतिक इंजिनासाठी करार केला तेव्हा पायाभूत आराखडा निवडला गेला ह्युंदाईचा 'थीटा'. ज्या मित्सुबिशीला सव्वीस-सत्तावीस वर्षं रॉयल्टी दिली तिनं आता ह्युंदाईच्या आराखड्याचे पैसे मोजले. याच थीटाच्या पुढच्या पिढीत बेअरिंगचे मोठे दोष निघाले आणि २०१५ पासून अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, हेही इथंच नोंदवायला हवं. इंजिनाला कुणाचीच पूर्वपुण्याई चालत नाही.

देवूचा रस्ता अगदी वेगळा. किम वू-चुंग यांची ही कंपनी जनरल मोटर्सच्या भागीदारीत ओपेल कॅडेटच्या आराखड्यावर गाड्या बनवायची. तीच गाडी अमेरिकेत पाँटिॲक ल मान्स म्हणून, उझबेकिस्तानात नेक्सिया म्हणून आणि १९९५ पासून आपल्याकडे सिएलो म्हणून विकली गेली. कोरियन सरकारनं छोट्या गाडीसाठी ८०० सीसीची मर्यादा घालून करात, टोलमध्ये, पार्किंगमध्ये सवलती ठेवल्या, आणि त्या वर्गातली पहिली गाडी देवूनं १९९१ मध्ये आणली, टिको. मुळात सुझुकी अल्टोच. पुढची मॅटिझ दिसायला मात्र कुणाचीच नक्कल नव्हती. जुजारो यांच्या इटालडिझाइननं १९९३ मध्ये फियाटच्या चिंक्वेचेंतोसाठी 'लुचोला' नावाचा नमुना केला होता. फियाटनं तो घेतला नाही, देवूनं घेतला. गोल डोळ्यांची ती गाडी १९९८ मध्ये कोरियात आली तेव्हा देश आर्थिक संकटात होता, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, मोठी गाडी परवडेना. छोट्या गाडीचा खप त्या वर्षी शिगेला पोचला.

किम यांना जग जिंकायचं होतं. उझबेकिस्तानात असाका इथं १९९६ मध्ये कारखाना, पोलंडमध्ये वॉर्साचा जुना एफएसओ, रुमानियात क्रायोवा, भारतात दिल्लीजवळचं सुरजपूर. साम्यवादी राजवटी कोसळल्यावर जिथं कारखाने रिकामे होते आणि लोकांना पहिली गाडी हवी होती, तिथं देवू आधी पोचली. वॉर्सात मॅटिझ, ताश्कंदच्या रस्त्यावर टिको आणि नेक्सिया, हे त्या दशकाचं चित्र. सगळं कर्जावर उभं होतं. १९९९ मध्ये डोलारा कोसळला, किम देश सोडून गेले, २००५ मध्ये परतले, शिक्षा झाली, माफी मिळाली, २०१९ मध्ये वारले. मोटार कंपनी २००२ मध्ये जनरल मोटर्सनं घेतली. उझबेक लोकांनी मात्र आपला कारखाना चालू ठेवला, आणि मॅटिझ तिथं देवू बुडाल्यावरही कित्येक वर्षं बनत राहिली.

यानंतर कोरियन गाडी दुसऱ्यांच्या बिल्ल्याखाली जगभर फिरली. मॅटिझची शेवरोले स्पार्क झाली, मेक्सिकोत ती पाँटिॲकही होती. देवूची कॅलोस बहुतेक जगात शेवरोले आवेओ, ऑस्ट्रेलियात होल्डन बरीना आणि कॅनडात चक्क सुझुकी स्विफ्ट प्लस म्हणून विकली गेली. जिच्या इंजिनावर देवू लहानाची मोठी झाली, त्या सुझुकीच्या दुकानात आता कोरियात घडलेली गाडी. चीनच्या चेरी कंपनीची २००३ ची क्यूक्यू मॅटिझशी इतकी जुळती होती की प्रकरण कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये तडजोडीनं मिटलं.

उलट्या दिशेची गोष्ट किया प्राइडची. ती जपानच्या माझदानं आखली, कियानं कोरियात बनवली आणि फोर्डनं फेस्टिव्हा म्हणून अमेरिकेत विकली. तिघांच्या सोयीची गाडी. इराणच्या सायपा कंपनीनं १९९३ पासून तिचं उत्पादन सुरू केलं आणि ते २०२० पर्यंत चाललं. माझदानं आणि कियानं कधीच सोडून दिलेली गाडी इराणात घरोघरी पोचली. पण सुरक्षिततेत ती जिथल्या तिथं राहिली आणि तिथल्या अपघातांत तिचं नाव वारंवार येत गेलं.

आपल्याकडे १९९८ हे वर्ष छोट्या गाडीचं. सप्टेंबरात ह्युंदाईची सँट्रो, पाठोपाठ मॅटिझ, आणि डिसेंबरच्या अखेरीस टाटांची इंडिका. तोवर छोटी गाडी म्हणजे मारुती, एवढंच लोकांना ठाऊक. सँट्रो बनत होती चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईत. १९९६ मध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि अडीच वर्षांच्या आत गाडी बाहेर. इंजिन ९९९ सीसीचं, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर नाही, इंधन थेट इंजेक्टरनं. माझ्या वयाच्या मिस्त्र्यांना तेव्हा इंजेक्शनची धास्ती होती. कार्ब्युरेटर साफ करून, जेट फुंकून गाडी चालू करणाऱ्या हातांना आता सेन्सर आणि वायरिंग शिकायचं होतं. मी रात्री बसून ते शिकलो आणि त्यात मला खरा आनंद मिळाला.

गिऱ्हाइकांचा प्रश्न वेगळाच असायचा. "मेस्त्री, कोरियाचा पत्रा टिकंल का ओ?" असं एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं. शाहरुख खानच्या जाहिरातीपेक्षा त्यांना पटली ती गाडीची उंची. छप्पर उंच, सीट उंच. तालमीतला पैलवान मान न वाकवता आत बसायचा. गुडघे धरलेल्या आजीबाईंना खाली वाकून शिरावं लागत नव्हतं. कोरियात ही गाडी शहरातल्या अरुंद पार्किंगसाठी जन्मली होती, कारण लांबी-रुंदी नियमानं बांधलेली, वाढायला जागा फक्त वरच्या दिशेनं. तिथल्या नियमानं दिलेली उंची आपल्याकडच्या सांधेदुखीला उपयोगी पडली. भारतात बनलेलं हेच रूप ॲटोस प्राइम नावानं बाहेर गेलं, मेक्सिकोत डॉजच्या शोरूममधून विकलं गेलं. २००७ मध्ये आय-टेनचं जगातलं पहिलं अनावरणच दिल्लीत झालं आणि युरोपात जाणाऱ्या आय-टेनही चेन्नईतून बोटीवर चढल्या.

त्याच आय-टेनची एअरबॅग नसलेली भारतीय गाडी जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं जर्मनीत आपटून पाहिली. मोठ्या माणसांच्या सुरक्षेला शून्य तारे. त्या फेरीत अल्टो ८००, नॅनो, फिगो, पोलो यांनाही शून्यच मिळालं होतं. युरोपात जाणाऱ्या गाडीला एअरबॅग आणि आपल्या माणसाला नाही, याचा मला राग आहे आणि तो एका कंपनीपुरता नाही. गिऱ्हाइकानं मागितलं नाही म्हणून दिलं नाही, हे उत्तर कुणाही कंपनीनं देऊ नये. गिऱ्हाइकाला ब्रेकचं तेल कधी बदलायचं तेही माहीत नसतं. ते सांगणं आमचं काम असतं.

कोरियात आता छोटी गाडी मागे पडतेय. चांगवॉनच्या कारखान्यातली स्पार्क २०२२ मध्ये बंद झाली, तिथं मोठ्या गाड्या आल्या. त्या वर्गात नवी भर पडली ती २०२१ च्या ह्युंदाई कॅस्परची. ती बनते ग्वांगजूमध्ये, शहराच्या पालिकेनं ह्युंदाईसोबत भांडवल घालून उभारलेल्या कारखान्यात. कामगारांनी इतर ह्युंदाई कारखान्यांपेक्षा कमी पगार स्वीकारायचा, बदल्यात शहरानं रोजगार आणि घरांसारख्या सोयी द्यायच्या, असा तो करार आहे. तिची विजेवरची बहीण इन्स्टर युरोपात आणि जपानमध्येही जाते. २०२५ मध्ये तिला जागतिक पातळीवरचा वर्षातल्या सर्वोत्तम विद्युत मोटारीचा किताब मिळाला. इन्स्टरमध्ये उतरवायला हेड नाही. तरी बॅटरी कुणाची, मोटर कुणाची, ती चालवणारं सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, हे प्रश्न आहेतच.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी सर्वांत जवळचा संबंध तळेगावचा. जनरल मोटर्सनं २००८ मध्ये तिथं कारखाना उघडला आणि स्पार्क, मग २०१० पासून बीट बनवली. बिल्ला शेवरोलेचा, आराखडा कोरियात जुन्या देवूच्या माणसांनी घडवलेला. भारतातली विक्री २०१७ मध्ये थांबली, पण बीट डिसेंबर २०२० पर्यंत मेक्सिकोसाठी तयार होत राहिल्या. मग कुलूप लागलं, हजारावर कामगारांनी नोकरीसाठी कोर्टकचेऱ्या केल्या. चिनी कंपनीला विकायचा व्यवहार बारगळला. शेवटी ह्युंदाईनं २०२३ मध्ये करार केला आणि २०२४ च्या जानेवारीत कारखाना ताब्यात घेतला. म्हणजे एका कोरियन घराण्याची गाडी जिथं बनायची, तिथं आता दुसऱ्या कोरियन घराण्याची बनते.

जून २०२५ मध्ये तळेगावात आधी सुरू झालं ते इंजिनांचं उत्पादन. पूर्ण गाड्या त्या वर्षाच्या उत्तरार्धात. ओतकाम, मशीनिंग, फोर्जिंग करणारी माणसं पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत आहेत, आणि इंजिन कारखान्याच्या आसपास या कामांना मागणी येते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आयटीआयच्या मुलांना मी तिथं अर्ज करायला सांगतो. त्यांतला जो ड्रॉइंग नीट वाचतो त्याला पुढची पदविका करायला लावतो, कारण त्या इंजिनांचे आराखडे आज कोरियातल्या नामयांगच्या केंद्रात निघतात. ह्युंदाईचं एक इंजिनिअरिंग केंद्र हैदराबादलाही आहे. आमच्या मुलांनी त्या टेबलांपाशी जाऊन बसावं. यंदा दोघांनी पदविकेचे फॉर्म भरले आहेत.